आठ पावलं, पाच यार्ड

2011 च्या उन्हाळ्यात आम्ही टेक्सासमधल्या ॲलनला राहायला आलो. महिनाभरातच ऑफिसातल्या एकानं विचारलं, शुक्रवारी फुटबॉलला येणार का? मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम येतं, पाटाकडील विरुद्ध दिलबहार येतं, मॅच सुटल्यावर पेठेत घुमणाऱ्या मोटारसायकली येतात. इतक्या लांब येऊन आपल्या नादाचं माणूस भेटलं म्हणून मी हरखून हो म्हणालो.

चेंडू लांबुडका निघाला. पायाला तो कधीमधीच लागतो. दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी मिळतात, एवढं त्या रात्री कळलं आणि त्यापलीकडचे बारकावे मला आजही धड येत नाहीत. पण त्यावाचून काही अडलं नाही, कारण माणसं ओळखीची होती. जुन्या मैदानातली कायमची बाकं केव्हाच अपुरी पडलेली, म्हणून भाड्यानं आणलेल्या लोखंडी पायऱ्या लावल्या होत्या आणि त्यांवर हजारो लोक पाय आपटत होते. माझ्या पुढच्या रांगेत सत्तरीच्या एक बाई निळा टीशर्ट घालून पंचांचा उद्धार करत होत्या. भाषा सोडली तर बाई सरळ मंगळवार पेठेतल्या.

आणि हे सगळं एका पब्लिक हायस्कूलसाठी. पब्लिक म्हणजे आपल्याकडची नगरपालिकेची शाळा म्हणा. फी नाही, घरपट्टीवर चालते, गावातलं कुठलंही मूल तिथं जातं. आपल्याकडं नगरपालिकेच्या शाळेची मॅच बघायला हेडमास्तर आले तरी पोरं धन्य होतात.

डॅलसमधून हायवे 75 नं उत्तरेला निघालं की रिचर्डसन, प्लेनो, ॲलन, मॅकिनी अशी गावं एकमेकांना चिकटून येतात. एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं हे पाण्याच्या टाकीवरचं नाव वाचूनच कळायचं. 1970 च्या जनगणनेत ॲलनची वस्ती दोन हजारसुद्धा नव्हती. 2020 मध्ये ती एक लाख चार हजारांवर गेली. टेलिकॉम आणि कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, त्यांच्यामागून आमच्यासारखे आले, शेतांच्या जागी एकसारखी विटांची घरं उठली. अशी वाढ झाली की गावं शाळा वाढवतात. प्लेनोनं वरच्या वर्गांसाठी तीन मोठ्या शाळा केल्या. फ्रिस्कोनं मुद्दाम मध्यम आकाराच्या शाळा बांधायचं ठरवलं, त्यांचा आकडा आता दहाच्या पुढं आहे. ॲलननं एकच ठेवली. नववीची पोरं वेगळ्या इमारतीत बसतात, आणि तरीही दहावी ते बारावीच्या शाळेत पाच हजारांच्या आसपास मुलं असतात.

ॲलनच्या खेळातल्या दबदब्याचं मूळ मला या निर्णयात दिसतं. बाहेरचे लोक प्रशिक्षकाचं नाव घेतात, पैशाचं घेतात, टेक्सासच्या वेडाचं घेतात. ते खोटं नाही. पण लाखाच्या गावातली चांगली पोरं तीन-चार शाळांत विभागली असती, तर ॲलन हे चार बऱ्यापैकी टीमांचं गाव झालं असतं. एक शाळा ठेवल्यामुळं सगळी गुणी पोरं एकाच निळ्या जर्सीत आली आणि सगळ्या गावाची निष्ठाही तिच्यामागं आली. वरची पेठ नाही, खालची पेठ नाही, अख्खं गाव एकच पेठ. 2008 ला फुटबॉलचं पहिलं राज्य विजेतेपद. मग 2012, 2013, 2014 असं लागोपाठ तीनदा, आणि पुन्हा 2017. टेक्सासात सर्वांत मोठ्या शाळांच्या गटात हे करणं म्हणजे काय, ते इथल्या केशकर्तनालयात अर्धा तास बसल्यावर कळतं.

मी आलो तेव्हा नवं स्टेडियम बांधायला काढलेलंच होतं. 18,000 आसनं, 38 फूट रुंद पडदा, खर्च जवळजवळ सहा कोटी डॉलर. शाळेच्या मैदानावर! कोल्हापूरच्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अमेरिकेत तुला कुणीतरी गंडवलंय." पण 2009 मध्ये गावानं यावर रीतसर मतदान केलं होतं. सुमारे 11 कोटी 90 लाख डॉलरचे कर्जरोखे, त्यात स्टेडियम आणि नाटक-संगीताचं सभागृह धरून बाकीची कामं. मंदीचं वर्ष होतं, तरी साठ टक्क्यांहून जास्त मतं बाजूनं पडली.

शिक्षकांचे पगार का नाही वाढवले, हा प्रश्न मीही विचारला होता. उत्तर कायद्यात आहे. इथं शाळेची पट्टी दोन भागांत येते. एक रोजच्या खर्चाची, तिच्यातून पगार निघतात. दुसरी कर्जफेडीची, ती फक्त इमारती, बस, सामान यांसाठी घेतलेल्या कर्जाला लागते. कर्जरोख्यांच्या पैशातून पगार देता येत नाही. वर 1993 पासून असाही नियम आहे की श्रीमंत भागातल्या पहिल्या पट्टीतला वाटा गरीब भागांकडं वळतो. लोक त्याला रॉबिनहूड म्हणतात. दुसऱ्या पट्टीला तो नियम लागत नाही. म्हणजे आपला पैसा आपल्याच गावात दिसावा अशी इच्छा असेल, तर विटा आणि काँक्रीट हाच मोकळा रस्ता. मग शेजाऱ्यांनीही तो धरला. मॅकिनीनं सात कोटींचं स्टेडियम बांधलं, ह्यूस्टनजवळच्या केटीनं तसंच. ईर्ष्या ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

मी काही दिवस हसलो आणि मग गप्प बसलो. ज्या गावात राजानं कुस्तीसाठी खासबाग बांधलं, त्या गावच्या माणसानं मैदानावरच्या खर्चाला हसू नये.

लेक 2012 मध्ये नववीत गेली आणि बँडमध्ये शिरली. क्लॅरिनेट. या बँडचं नाव एस्काड्रिल, फ्रेंचमध्ये विमानांची तुकडी. वादक, झेंडेवाले, नाचणाऱ्या मुली मिळून आठशेच्या आसपास पोरं. देशातल्या सर्वांत मोठ्या शालेय बँडांत त्याची गणना होते. हाफटाइमला हे सगळे मैदानात उतरले की हिरवळ दिसेनाशी होते.

ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, सकाळी सातला सराव. नऊ वाजता इथं डांबर मऊ व्हायला लागतं. आम्ही पालक पाण्याचे कॅन घेऊन उभे. एका संध्याकाळी ही पोरगी माझा मोजपट्टीचा टेप आणि खडू घेऊन घराच्या उतारावर बसलेली दिसली. साडेबावीस इंचांवर एक रेघ, पुन्हा साडेबावीस इंचांवर दुसरी. म्हटलं हे काय? तर म्हणाली, पाच यार्डांत आठ पावलं पडली पाहिजेत, प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचं, खाली न बघता. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेषा असते. आठवं पाऊल तिच्यावर पडलं नाही की वर उंच लाकडी मनोऱ्यावर बसलेल्या सरांना लगेच दिसतं.

आणि प्रत्येकाला स्वतःचा डॉट असतो. डॉट म्हणजे त्या क्षणी तुम्ही मैदानावर नेमकं कुठं उभं राहायचं ती जागा. चाळीसच्या रेषेपासून दोन पावलं बाहेर, पुढच्या हॅशपासून (मैदानावरच्या आखूड खुणांची ओळ) सहा पावलं मागं, अशी ती छोट्या वहीत लिहून ठेवायची. एका कार्यक्रमात असे साठ-सत्तर डॉट. वही गळ्यात. पहिल्या वर्षी जेवताना, गाडीत, मंडळाच्या गणपतीच्या आरतीला उभी असतानाही ओठ हलायचे: सहा, सात, आठ. आरतीत टाळ्यांचा ठेका चुकला तर आज्यांना वाटायचं पोर अमेरिकन झाली. ती मोजत असायची.

पाच हजारांच्या शाळेत पोरगी हरवेल अशी बायकोला धास्ती होती. वर्ग बदलायला सहा मिनिटं आणि मॉलएवढा कॉरिडॉर. पण आठशेंत तिचा डॉट दुसऱ्या कुणाचा नव्हता. ती तापानं आजारी पडली तेव्हा त्या आकृतीत एक भोक राहिलं. मी वरून पाहिलं ते. विंचवाच्या नांगीला एक मणी कमी असावा तसं.

2014 च्या जानेवारीत आबा आले. माझे वडील, गंगावेशीतल्या तालमीत उमेदीची वर्षं घालवलेले. थंडीत फुटबॉल नसतो, कुस्ती असते, आणि या शाळेनं त्या दशकात कुस्तीतली सांघिक विजेतेपदं वर्षामागून वर्ष घेतली. त्याच सुमारास बो निकल नावाचा पोरगा तिथं होता. पुढं पेन स्टेटकडून तो तीनदा राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता झाला आणि आता यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या व्यावसायिक स्पर्धेत लढतो. मी आबांना शाळेच्या जिममध्ये घेऊन गेलो. मॅट, अंगाला चिकटणारा पोशाख, कानांवर टोपरं बांधलेली पोरं. आबा कोपरं गुडघ्यांवर टेकून बसले आणि तासभर बोलले नाहीत. दोन्ही खांदे मॅटला दोन सेकंद टेकवले की चीतपट, एवढं त्यांना न सांगता कळलं. वरचा पैलवान खालच्याला नुसता धरून ठेवायचा तेव्हा मात्र चुळबुळायचे. "दाबून काय बसलाय, डाव टाक की लेका." शेजारच्या गोऱ्या आजोबांनी भाषा न कळता मान डोलावली.

नापास झालं की खेळ बंद, हा इथला नियम मी त्यांना सांगितला. 1984 चा कायदा आहे. एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गुण आले की काही आठवडे सामन्यात उतरायचं नाही. आबा म्हणाले, "आमच्या वक्ताला ह्यो नियम असता तर तालमीत वस्ताद एकटाच उरला असता."

त्यांना नवं स्टेडियम बघायचं होतं. बाहेरून दाखवलं. सहा कोटी डॉलर म्हणजे पावणेचारशे कोटी रुपये, हे बोटांवर मोजून झाल्यावर ते बराच वेळ कुंपणाची जाळी धरून उभे राहिले. फेब्रुवारी संपता संपता बातमी आली: प्रेक्षक जिथून फिरतात त्या काँक्रीटच्या मार्गिकेला जागोजाग भेगा, स्टेडियम बंद. उघडून अठरा महिने झालेले. देशभरातल्या वाहिन्यांनी चवीनं दाखवलं. त्या आठवड्यात ॲलनचा माणूस म्हणून ऑफिसात जाणं म्हणजे परीक्षा होती. मला टोचत होतं आणि टोचतंय याचंच नवल वाटत होतं. मी कधीपासून ॲलनचा झालो?

आबा एवढंच म्हणाले, "पाणी कमी मारलं असंल." त्यांच्या मते जगातल्या सगळ्या काँक्रीटचा दोष पाणी कमी मारण्यात असतो. नंतर तज्ज्ञांनी आराखड्यातल्याही चुका दाखवल्या, आणि दुरुस्तीचा भार गावावर पडला नाही.

2014 चा सगळा हंगाम टीम परक्या मैदानांवर खेळली. घरचा सामना म्हणायचा आणि बसनं दुसऱ्या गावाला जायचं. आठशे पोरं, ट्रॉम्बोन, ढोल, झेंडे, सगळं ट्रकांत भरून. दर शुक्रवारी बायको पोळीभाजीचे रोल करायची, तेही बसमध्ये जायचे. (शुक्रवारच तेवढा, कारण 1961 च्या केंद्रीय कायद्यामुळं हंगामात शुक्रवारी रात्री व्यावसायिक फुटबॉल टीव्हीवर दाखवायला मज्जाव आहे. शुक्रवार शाळांचा, शनिवार कॉलेजांचा, रविवार धंदेवाल्यांचा.) आणि त्याच वर्षी टीम एकही सामना हरली नाही. सोळापैकी सोळा. अंतिम सामना डॅलस काउबॉईजच्या स्टेडियममध्ये, सायप्रेस रँचविरुद्ध 47-16. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, होता कायलर मरे, उंचीनं बेताचा, पळताना मात्र हाताला लागायचा नाही. त्यानं शाळेसाठी सुरुवातीपासून खेळलेले 42 सामने, 42 विजय. पुढं 2018 ला कॉलेज फुटबॉलमधला मोठ्या मानाचा हाइझमन पुरस्कार मिळाला, बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, नववा निवडला गेला आणि 2019 ला फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये पहिला. आमच्या किराणा दुकानातला बॅगा भरणारा पोरगा त्याच्या वर्गात होता. हे तो दर गिऱ्हाइकाला सांगायचा, आम्हाला तर दर आठवड्याला.

त्या रात्री आबांना फोन केला. स्कोअर ऐकून घेतला, मग म्हणाले, "बघ. मैदान बंद हुतं म्हणून काय अडलं?" यावर त्या पावणेचारशे कोटींच्या बाजूनं माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

शेवंतीचं सांगायचं राहिलं. शरद ऋतूत होमकमिंग असतं, जुने विद्यार्थी शाळेत परततात. त्या दिवशी टेक्सासातल्या पोरी गळ्यात मम घालतात. मम म्हणजे क्रिसँथेममचं लाडकं नाव, आपली शेवंती. एके काळी खरं फूल छातीवर टाचायचे. आता ते कापडी असतं, ताटाएवढं, आणि खाली नडगीपर्यंत रिबिनी, घंटा, साखळ्या, मधोमध टेडी बेअर. दुकानात शंभर डॉलरच्या खाली बोलत नाहीत. बायको म्हणाली, शेवंतीला एवढे पैसे? दसऱ्याला ढीग विकत घेतलेत मी. ती हस्तकलेच्या दुकानातून सामान घेऊन आली. तीन रात्री स्वयंपाकघरातलं टेबल गोंदाच्या पिस्तुलाच्या धाग्यांनी माखलेलं. निळ्या-पांढऱ्या रिबिनींच्या वेण्या घातल्या, टेडीच्या हातात पुठ्ठ्याचं क्लॅरिनेट दिलं, लेकीचं नाव चमकीच्या अक्षरांत चिकटवलं. घंटा कमी पडल्या तेव्हा लेकीच्या भरतनाट्यमच्या डब्यातले घुंगरू काढून ओवले. सकाळी पोरगी जिना उतरली तर आवाज असा की मी दचकून बाहेर आलो. फोटो आबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "पोरीला बेंदराचा बैल केलाय की रं."

तशीच दिसत होती ती, खोटं कशाला बोला. आणि बेंदराच्या बैलाइतकीच ती ताठ चालत होती.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला एका मित्राच्या घरात दिसली. ते शेजारच्या एका उपनगरात राहतात, तिथली शाळाही अशीच अवाढव्य. मुलाला बास्केटबॉलचं वेड. गॅरेजच्या दारावर रिंग, रात्री दहापर्यंत धपधप. ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, शंभरावर पोरं आली, घ्यायची होती पंधरा. यादी ऑनलाइन लागली. आम्ही त्या रात्री त्यांच्याकडं जेवायला होतो. पोरानं फोन खिशात घातला, आमटी वाढून घेतली, दुसऱ्यांदा भात घेतला. त्याच्या आईनंच विचारलं तेव्हा नाही म्हणून मान हलवली. आठ दिवसांनी गॅरेजवरची रिंग उतरलेली होती. छोट्या गावातल्या शाळेत हाच पोरगा टीमचा कप्तान झाला असता. मोठ्या शाळेचं नाव आसमंतात दुमदुमतं ते अशा शेकडो उतरवलेल्या रिंगांवर. आमच्या एका-शाळेच्या गावात हा आकडा किती, याचा विचार मी शुक्रवारी रात्री करत नसे. शनिवारी सकाळी कधीकधी करायचो.

स्टेडियम 2015 ला दुरुस्त होऊन उघडलं. लेकीचं शेवटचं वर्ष. त्या डिसेंबरात ऑस्टिनच्या वेस्टलेकनं उपांत्य फेरीत टीमला हरवलं आणि 57 सलग विजयांची माळ तुटली. गावात सुतक पाळल्यासारखी शांतता. बँडच्या पोरी रडल्या, माझीही, तिला टचडाउन आणि फील्ड गोल यांतला फरक धड येत नव्हता तरी.

पण मला त्या वर्षातली आठवते ती त्याआधीची सीनियर नाइट. शेवटच्या वर्षाच्या पोरांना आईबापांबरोबर मैदानात नेतात आणि नाव पुकारतात. बँडमधलीच दोनशेच्या घरात पोरं, त्यामुळं निवेदक तुफान सुटलेला. आमचं आडनाव येईपर्यंत त्याला धाप लागली होती. त्यानं मधलं एक अक्षर गिळलं आणि शेवटी एक स्वतःचं घातलं. आम्ही तिघं हात धरून निघालो. चार वर्षं जे वरून पाहिलं ते पायाखाली आल्यावर फार मोठं वाटलं. बायकोनं ओटीपोटाशी पर्स घट्ट धरली होती, देवळात गर्दीत धरतात तशी.

मधेच लेक थांबली. "बाबा, इथं."

खाली काही नव्हतं. नुसतं हिरवं प्लास्टिकचं गवत, रबराचे काळे दाणे. तिचा हा शेवटचा डॉट, कार्यक्रम संपतो तेव्हाचा. मागची पोरं, आईबाप खोळंबले होते, निवेदक पुढच्या नावावर गेला होता. ती म्हणाली, इथून पुढच्या रेषेपर्यंत चला, खाली बघायचं नाही. मी निघालो. ओठांत मोजत. पाचव्या पावलालाच रेषा मागं पडली. ती तिथंच उभी राहून हसत होती.